शब्दशंका : संसद ‘प्रोरोग’ होते तेव्हा नेमके काय होते?

संसदेचे किंवा विधिमंडळाचे अधिवेशन संपले की इंग्रजी बातम्यांत एक क्रियापद हमखास उगवते आणि पुढच्या अधिवेशनापर्यंत गायब होते. ‘प्रोरोग’. त्याच्याविषयी आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत.

प्रश्न (नाशिक) : ‘पार्लमेंट प्रोरोग्ड’ असा मथळा वाचला. शब्दकोशात ‘लांबणीवर टाकणे’ असा एक अर्थ सापडला. म्हणजे संसद पुढे ढकलली असे समजायचे का?

उत्तर : नाही. तो अर्थ जुना आहे आणि आजच्या इंग्रजीत जवळजवळ मेलेला आहे. आज ‘प्रोरोग’चा चालू अर्थ एकच : सभागृह कायम ठेवून त्याचे चालू सत्र औपचारिकरीत्या संपवणे.

शाळेचे उदाहरण घ्या. मधली सुट्टी झाली म्हणजे तास थांबले, तेच सत्र चालू आहे. दिवाळीची सुट्टी लागली म्हणजे पहिले सत्र संपले. वर्ग तोच, मुले तीच. दहावीची तुकडी शाळेतून बाहेर पडली म्हणजे तो वर्गच उरला नाही. यातली मधली सुट्टी म्हणजे ‘अ‍ॅडजर्न’, दिवाळीची सुट्टी म्हणजे ‘प्रोरोग’ आणि तुकडी बाहेर पडणे म्हणजे ‘डिझॉल्व्ह’. मधल्या सुट्टीची घंटा मुख्याध्यापकांच्या हातात असते, पण सत्राच्या तारखा वरून येतात. संसदेतही तसेच आहे.

हे क्रियापद फक्त कायदेमंडळांना लागते. परीक्षा, लग्न, क्रिकेटचा सामना किंवा कोर्टाची तारीख इंग्रजीत ‘प्रोरोग’ होत नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : तहकूब, बेमुदत तहकूब, सत्रसमाप्ती, विसर्जन, आणि मधेच ‘निलंबित’ विधानसभा. बातमीत यातले नेमके काय झाले हे कसे ओळखायचे?

उत्तर : आधी कर्ता बघा. कृती कोणी केली हे कळले की निम्मे काम झाले.

लोकसभेचे अध्यक्ष, राज्यसभेचे सभापती, विधानसभेचे अध्यक्ष किंवा विधान परिषदेचे सभापती, म्हणजे जे सभागृहात खुर्चीवर बसतात, ते बैठक तहकूब करतात. दहा मिनिटांसाठी, जेवणासाठी, उद्या सकाळी अकरापर्यंत. पुढची तारीख न सांगता बैठक उठवली तर ती बेमुदत तहकुबी. इंग्रजी बातमीत तिला लॅटिनमधून आलेले ‘साइनी डाय’ हे शेपूट असते. त्याचा शब्दशः अर्थ ‘दिवसाविना’. पण बेमुदत झाली तरी ती तहकुबीच. सत्र अजून जिवंत असते आणि खुर्चीवरची व्यक्ती त्याच सत्राची बैठक पुन्हा बोलावू शकते.

सत्रसमाप्ती, म्हणजेच ‘प्रोरोग’, करण्याचा अधिकार खुर्चीकडे नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 85 (2) प्रमाणे संसदेच्या बाबतीत तो राष्ट्रपतींकडे आहे, अनुच्छेद 174 (2) प्रमाणे राज्यात राज्यपालांकडे. दोघेही तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरतात. अरुणाचल प्रदेशच्या नबाम रेबिया प्रकरणात 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांच्या बाबतीत हे स्पष्ट केले. त्यामुळे ‘द स्पीकर प्रोरोग्ड द हाउस’ हे वाक्य व्याकरणात बसले तरी घटनेत बसत नाही. असे वाक्य दिसले की बातमीदाराची गफलत झाली आहे किंवा त्याला ‘अ‍ॅडजर्न्ड’ म्हणायचे आहे, असे खुशाल समजा.

विसर्जनाचा अधिकारही राष्ट्रपती आणि राज्यपाल यांचाच, पण परिणाम वेगळा. सभागृहच संपते आणि निवडणूक घ्यावी लागते. राज्यसभा आणि विधान परिषद ही स्थायी सभागृहे. त्यांचे सत्र संपते, विसर्जन कधीच होत नाही. तेव्हा ‘राज्यसभा प्रोरोग्ड’ हे बरोबर, ‘राज्यसभा डिझॉल्व्ह्ड’ हे अशक्य.

‘निलंबित’ हा या ओळीतला प्रकारच नव्हे. राष्ट्रपती राजवट लागते तेव्हा विधानसभा विसर्जित न करता तिचे अधिकार गोठवून ठेवता येतात. महाराष्ट्रात 12 नोव्हेंबर 2019 रोजी असेच झाले. इंग्रजी वृत्तपत्रे त्याला ‘सस्पेंडेड अ‍ॅनिमेशन’ म्हणतात. तिथे ‘प्रोरोग’ वापरणे चूक आहे, कारण थांबलेले असते ते सगळे विधिमंडळ, एखादे सत्र नव्हे.

एरवी आपल्याकडचा क्रम असा असतो : आधी पीठासीन अधिकारी बैठक बेमुदत तहकूब करतात, मग सहसा काही दिवसांत राष्ट्रपतींची सही होते आणि लोकसभेचे महासचिव राजपत्रात अधिसूचना काढतात. त्यामुळे एकाच अधिवेशनाच्या शेवटाच्या दोन बातम्या दोन वेगळ्या तारखांना येतात. दोन्ही खऱ्या असतात. आणखी एक गोष्ट : अनुच्छेद 85 ‘दोन्ही सभागृहे किंवा त्यांपैकी एक’ असे म्हणतो. म्हणजे एकाच सभागृहाची सत्रसमाप्तीही करता येते. हे वाचून सोडून देण्यासारखे कलम वाटते, पण अध्यादेशाच्या प्रश्नात त्याचा उपयोग कसा होतो ते पुढे येईलच.

प्रश्न (औरंगाबाद खंडपीठाजवळ वकिलीची उमेदवारी करणारी वाचक) : सत्र संपले की लटकलेले विधेयक मरते का? दोन पुस्तकांत दोन उत्तरे आहेत.

उत्तर : दोन्ही बरोबर असू शकतील, कारण एक पुस्तक ब्रिटनविषयी बोलत असेल आणि दुसरे भारताविषयी. हा शब्द आपण ब्रिटनकडून घेतला, पण त्याचा सर्वांत जाचक परिणाम घेतला नाही.

ब्रिटनमध्ये सत्र संपले की मंजूर न झालेली विधेयके सामान्यतः संपतात. ती वाचवायची तर सत्र संपण्याआधी पुढे नेण्याचा वेगळा ठराव करून घ्यावा लागतो. म्हणून तिथे सत्राच्या शेवटच्या दिवसांत दोन सभागृहांमध्ये दुरुस्त्यांची देवाणघेवाण रात्री उशिरापर्यंत चालते.

आपल्याकडे अनुच्छेद 107 (3) स्वच्छ सांगतो की संसदेत प्रलंबित असलेले विधेयक सत्रसमाप्तीमुळे व्यपगत होत नाही, म्हणजे आपोआप पडत नाही. राज्यांसाठी हीच तरतूद अनुच्छेद 196 (3) मध्ये आहे. विधेयके पडतात ती विसर्जनात. लोकसभेत प्रलंबित असलेले, किंवा लोकसभेने मंजूर करून राज्यसभेकडे पाठवलेले पण तिथे अडकलेले विधेयक लोकसभा विसर्जित झाली की व्यपगत होते. राज्यसभेत मांडलेले आणि लोकसभेकडे अजून न गेलेले विधेयक मात्र तगते.

मग सत्रसमाप्तीने काय पडते? लोकसभेच्या कामकाज नियमांतला नियम 335 सांगतो : विधेयक मांडण्याची परवानगी मागणाऱ्या सूचना सोडून बाकी सगळ्या प्रलंबित सूचना. खासदाराने एखाद्या विषयावर चर्चेची सूचना दिली, ती पटलावर आलीच नाही आणि सत्र संपले, तर पुढच्या सत्रात नव्याने सूचना द्यावी लागते. पण एकदा सभागृहात मांडला गेलेला आणि प्रलंबित राहिलेला प्रस्ताव, ठराव किंवा दुरुस्ती केवळ सत्र संपले म्हणून पडत नाही. ते नियम 336 मध्ये आहे. ‘सूचना दिली’ आणि ‘प्रस्ताव मांडला’ यांतला फरक परीक्षेतही विचारतात आणि बातमीतही चुकतो. साध्या तहकुबीत, मग ती बेमुदत का असेना, या सूचना पडत नाहीत.

उमेदवारीत उपयोगी पडेल असा एक बारकावा. परवानगीशिवाय साठ दिवस सर्व बैठकांना गैरहजर राहिलेल्या सदस्याची जागा सभागृह रिक्त घोषित करू शकते. ते साठ दिवस मोजताना सत्रसमाप्तीचा काळ वगळायचा, आणि सलग चार दिवसांहून जास्त तहकुबी असेल तर तोही. संसदेसाठी अनुच्छेद 101 (4), राज्यासाठी 190 (4). कॅलेंडरवर सरळ साठ दिवस मोजले की उत्तर चुकते.

सहा महिन्यांच्या मर्यादेचीही मोजणी अशीच फसवते. दोन सत्रांमध्ये सहा महिन्यांचे अंतर पडता कामा नये हे खरे. पण ते सत्रसमाप्तीच्या अधिसूचनेपासून मोजत नाहीत. आधीच्या सत्राच्या शेवटच्या बैठकीपासून पुढच्या सत्राच्या पहिल्या बैठकीपर्यंत मोजतात. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाची शेवटची बैठक 20 डिसेंबरला झाली आणि पुढची सगळी कागदपत्रे जानेवारीत निघाली, तरी घड्याळ 20 डिसेंबरलाच सुरू झालेले असते.

प्रश्न (सोलापूर) : सत्र संपवायची घाई सरकारला कधी असते? आणि न संपवण्यात फायदा कधी?

उत्तर : दोन्हींची उदाहरणे आहेत, आणि ती बघितल्यावर हा शब्द पुन्हा विसरायला होत नाही.

घाईचे मुख्य कारण अध्यादेश. अनुच्छेद 123 प्रमाणे दोन्ही सभागृहांचे सत्र चालू असताना अध्यादेश काढता येत नाही. या वाक्यातला ‘दोन्ही’ महत्त्वाचा. एकाच सभागृहाचे सत्र संपलेले असले तरी अडथळा दूर होतो. 2015 मध्ये भूसंपादनाच्या अध्यादेशाची मुदत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपत होती. अर्थसंकल्पी अधिवेशन चालू होते, मधली सुट्टी होती, आणि सुट्टी म्हणजे सत्राचा शेवट नव्हे. तेव्हा मार्चअखेर फक्त राज्यसभेची सत्रसमाप्ती करण्यात आली आणि एप्रिलच्या सुरुवातीला अध्यादेश पुन्हा निघाला. लोकसभेचे तेच अधिवेशन पुढे चालू राहिले. राज्यसभेसाठी नवे सत्र बोलवावे लागले. ‘किंवा त्यांपैकी एक’ या शब्दांचा उपयोग तो हा.

पंजाबातले 1968 चे प्रकरण याहून नाट्यमय. अर्थसंकल्प मंजूर व्हायचा बाकी असताना विधानसभा अध्यक्षांनी 7 मार्चला सभागृह दोन महिन्यांसाठी तहकूब केले. मार्च संपला की सरकारी तिजोरीतून खर्च करता आला नसता. राज्यपाल डी. सी. पावटे यांनी 11 मार्चला सत्रसमाप्ती केली, आर्थिक कामकाजाच्या नियमनाचा अध्यादेश काढला आणि 18 मार्चला सभागृह पुन्हा बोलावले. सत्रच संपल्यावर त्या सत्रातल्या तहकुबीला अर्थ उरला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने राज्यपालांची कृती वैध ठरवली. ‘अ‍ॅडजर्न’ आणि ‘प्रोरोग’ यांत वरचढ कोण, याचे याहून नेटके उत्तर आम्हांला माहीत नाही.

आता उलटी बाजू. सत्र संपवले नाही तर पुढची बैठक जुन्याच सत्राचा भाग मानली जाते. ती बोलावायला राज्यपालांकडे जावे लागत नाही, आणि वर्षाच्या पहिल्या सत्रात होणारे राज्यपालांचे अभिभाषणही करावे लागत नाही, कारण कागदोपत्री नवे सत्र सुरूच झालेले नसते. तेलंगणात मार्च 2022 चे अर्थसंकल्पी अधिवेशन याच कारणाने अभिभाषणाशिवाय सुरू झाले. सरकार आणि राजभवन यांचे तेव्हा बिनसलेले होते, हे सांगायला नकोच.

पंजाबात 2023 मध्ये तोच प्रश्न न्यायालयात पोहोचला. अर्थसंकल्पी सत्राची बैठक 22 मार्चला बेमुदत तहकूब झाली, सत्रसमाप्ती झाली नाही, आणि अध्यक्षांनी 19 व 20 जूनला सभागृह पुन्हा बसवले. राज्यपाल बनवारीलाल पुरोहित, म्हणजे नागपूरचे माजी खासदार, यांनी त्या बैठकांच्या वैधतेवर शंका घेऊन विधेयके अडवून ठेवली. 10 नोव्हेंबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बैठका वैध ठरवल्या : सत्रसमाप्ती झालेली नसेल तर तहकूब सभागृह पुन्हा बोलावणे हा अध्यक्षांचाच अधिकार. कायदा असा असला तरी एक सत्र महिनोन्‌महिने उघडे ठेवणे ही काही चांगली सवय नव्हे. मार्चचे अर्थसंकल्पी सत्र ऑक्टोबरातही चालूच असेल, तर सत्रे पाडायचीच कशाला?

प्रश्न (लंडन) : 2019 मध्ये इथे ‘प्रोरोगेशन’ बेकायदा ठरले. मग त्या काळात संसद ‘प्रोरोग्ड’ होती असे लिहायचे की नाही?

उत्तर : न लिहिलेले बरे. ‘प्रोरोग करण्याचा प्रयत्न’ किंवा ‘रद्दबातल ठरलेली सत्रसमाप्ती’ असे लिहावे.

पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून 9 सप्टेंबरच्या रात्री सुरू झालेली ही सत्रसमाप्ती 14 ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पाच आठवडे टिकणार होती. एरवी ब्रिटनमध्ये हा काळ थोड्या दिवसांचा असतो. 24 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला : सल्लाच बेकायदा, त्यामुळे त्यावर आधारलेला आदेशही शून्य, आणि राणीच्या वतीने आदेश वाचायला गेलेल्या आयुक्तांच्या हातात जणू कोराच कागद होता. संसद ‘प्रोरोग’ झालीच नव्हती.

भाषेच्या दृष्टीने रंजक भाग त्यानंतरचा आहे. सभागृहाच्या नोंदींतून त्या रात्रीची सत्रसमाप्ती काढून टाकून त्या जागी बैठक तहकूब झाल्याची नोंद करावी लागली. म्हणजे इतिहासात क्रियापदच बदलले. त्याच समारंभात संसद भवनाच्या दुरुस्तीविषयीच्या एका विधेयकाला राजसंमती जाहीर झाली होती. समारंभच घडला नाही म्हटल्यावर ती संमतीही गेली आणि पुन्हा जाहीर करावी लागली. त्यानंतर 8 ऑक्टोबरला जी सत्रसमाप्ती झाली ती खरी.

ब्रिटनमध्ये हा समारंभ आजही हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये होतो. राजा स्वतः येत नाही, त्याच्या वतीने आयुक्त येतात. स्वतः येऊन सत्र संपवणारी शेवटची सम्राज्ञी व्हिक्टोरिया, साल 1854. आपल्याकडे राष्ट्रपतींची सही आणि राजपत्र, बस्स.

कॅनडातल्या वाचकांसाठी एक ओळ : तिथे डिसेंबर 2008 मध्ये अविश्वासाचे मतदान तोंडावर असताना पंतप्रधान स्टीफन हार्पर यांच्या सल्ल्यावरून गव्हर्नर जनरल मिखाएल जाँ यांनी सत्र संपवले, आणि जानेवारी 2025 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी राजीनाम्याची घोषणा करताना पुन्हा हाच शब्द घराघरांत पोहोचवला.

प्रश्न (पुणे, फ्रेंचची विद्यार्थिनी) : फ्रेंचमध्ये ‘प्रोरोजे’ म्हणजे मुदत वाढवणे. इंग्रजीत तोच शब्द ‘संपवणे’ कसा झाला?

उत्तर : मूळ लॅटिन ‘प्रोरोगारे’. ‘प्रो’ म्हणजे पुढे आणि ‘रोगारे’ म्हणजे विचारणे, मागणे. रोममध्ये एखादा प्रस्ताव लोकांपुढे ठेवणे म्हणजे त्यांना ‘विचारणे’. सेनापतीच्या अधिकाराचे वर्ष संपत आले आणि युद्ध अर्धवट असले, तर त्याचा अधिकार पुढे चालू ठेवायचा का, हे असे विचारले जाई. इसवी सनपूर्व 326 मध्ये क्विंटस पब्लिलियस फिलो याला नेपल्सच्या वेढ्यासाठी अशी मुदतवाढ मिळाली. रोमच्या इतिहासातले हे पहिले उदाहरण मानले जाते.

म्हणजे फ्रेंचने मूळ अर्थ जपला. स्पॅनिशनेही : फुटबॉलच्या सामन्यातल्या जादा वेळेला स्पॅनिश समालोचक ‘प्रोरोगा’ म्हणतात. इंग्रजीत मात्र ‘मुदत वाढवणे’ यातून ‘पुढच्या तारखेवर नेणे’, त्यातून ‘संसद पुढच्या तारखेपर्यंत उठवणे’ आणि शेवटी ‘सत्र संपवणे’ अशी पावले पडली. मराठीत ‘मुदत’ वाढते आणि ‘तारीख’ पडते. हे दोन अर्थ एकमेकांच्या किती जवळ आहेत हे कोर्टाची पायरी चढलेल्याला सांगावे लागत नाही. फ्रेंचमधून इंग्रजीत भाषांतर करताना एवढे सांभाळा : करार किंवा व्हिसा ‘प्रोरोजे’ झाला असेल तर इंग्रजीत ‘एक्स्टेंडेड’ लिहा. ‘प्रोरोग्ड’ लिहिलेत तर वाचणाऱ्याला व्हिसा संपला असे वाटेल.

‘रोगारे’चे गोत मोठे आहे. ‘इंटरॉगेट’मध्ये विचारणे उघडच दिसते. ‘अ‍ॅब्रोगेट’ म्हणजे लोकांना विचारून केलेला कायदा मागे घेणे. ‘सरोगेट’ म्हणजे दुसऱ्याच्या जागी मागून घेतलेला. ‘अ‍ॅरोगेट’ म्हणजे नसलेला हक्क स्वतःसाठी मागणे. आणि ‘प्रिरॉगेटिव्ह’ म्हणजे मुळात रोमच्या मतदानात ज्या गटाला सर्वांआधी विचारत त्याचा मान. इंग्रजी ‘रोग’ म्हणजे लबाड हा शब्द या घरातला आहे की नाही हे नक्की नाही, आपला ‘रोग’ मात्र नाहीच नाही.

प्रश्न (रत्नागिरी) : उच्चार ‘प्रोरोग’ की ‘प्रोरोग्यू’? स्पेलिंग लक्षात कसे ठेवावे?

उत्तर : ‘प्रोरोग’. जोर दुसऱ्या ‘रो’वर, ब्रिटिश बोलीत पहिला ‘प्रो’ जवळजवळ ‘प्र’ होतो. शेवटचे यू आणि ई ‘डायलॉग’, ‘व्होग’ यांच्या ब्रिटिश स्पेलिंगमधल्यासारखे मुके. पी-आर-ओ-आर-ओ-जी-यू-ई. चूक होते ती पुढच्या रूपांत. ‘प्रोरोगिंग’मध्ये ई जातो आणि यू राहतो. ‘प्रोरोगेशन’ या नामात यूसुद्धा जातो : जीनंतर थेट ए. सवयीने यू तसाच ठेवला जातो आणि शब्द चुकतो.

प्रश्न (मुंबई, भाषांतरकार) : मराठीत ‘सत्रसमाप्ती’ लिहू, ‘संस्थगित’ लिहू की हिंदीतले ‘सत्रावसान’ घेऊ? आणि इंग्रजी वाक्यरचनेचे काय?

उत्तर : घटनेच्या किंवा कायद्याच्या मजकुरात ‘सत्रसमाप्ती’. विधिमंडळाच्या बातम्यांत ‘अधिवेशन संस्थगित’ रूढ आहे आणि जिथे ते रूढ आहे तिथे वापरायला हरकत नाही. पण आम्हांला विचाराल तर तो शब्द अडचणीचा आहे. ‘स्थगित’ आणि ‘संस्थगित’ यांत एका ‘सं’चा फरक, वाचणाऱ्याला अधिवेशन थांबवले किंवा पुढे ढकलले असेच वाटते. ‘सत्रसमाप्ती’त शब्दच अर्थ सांगतो. ‘सत्रावसान’ हिंदीत पक्के बसले आहे. मराठीत ‘अवसान’ गळते तरी किंवा आणावे तरी लागते, त्यामुळे ते हिंदीतच राहू द्यावे.

इंग्रजीत हे क्रियापद सकर्मक आहे. कर्ता राष्ट्रपती, राज्यपाल किंवा राजा, कर्म सभागृह : ‘द प्रेसिडेंट प्रोरोग्ड बोथ हाउसेस.’ भारतीय इंग्रजीत कर्मणी रचना जास्त आढळते : ‘द हाउस वॉज प्रोरोग्ड.’ कर्म म्हणून ‘सेशन’ घेतलेलेही सर्रास दिसते. घटनेच्या शब्दांत ‘हाउस’ आहे, पण ‘सेशन’ला चूक म्हणणे हा अतिरेक होईल. कर्माशिवाय ‘पार्लमेंट प्रोरोग्ड ऑन ट्यूसडे’ अशी रचना शब्दकोशांना मान्य आहे, तरी अधिकृत मजकुरात टाळावी. ‘प्रोरोग्ड साइनी डाय’ ही मात्र खिचडी. साइनी डाय तहकुबीला लागते. ‘द बिल वॉज प्रोरोग्ड’ हेही निखालस चूक. विधेयक लटकते, पडते किंवा मंजूर होते.

बातमीचे मराठी असे करावे : ‘लोकसभेची बैठक शुक्रवारी बेमुदत तहकूब झाली होती. राष्ट्रपतींनी मंगळवारी दोन्ही सभागृहांची सत्रसमाप्ती केली.’ दोन कृती, दोन कर्ते, दोन वाक्ये. जागा वाचवायला एका वाक्यात कोंबले की कोणी काय केले ते हरवते. आणि ‘बरखास्त’ हा शब्द इथे चुकूनही नको. तो वाचला की लोक निवडणुकीची तारीख विचारू लागतात.

प्रश्न (ठाणे) : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला गणपूर्ती झाली नाही. इतिवृत्त इंग्रजीत लिहायचे आहे. ‘द मीटिंग वॉज प्रोरोग्ड’ लिहिले तर भारदस्त वाटेल ना?

उत्तर : भारदस्त वाटेल, पण चूक. तुमच्या संस्थेला राज्यपाल नाहीत. ‘अ‍ॅडजर्न्ड फॉर वाँट ऑफ क्वोरम’ लिहा आणि पुढच्या सभेची तारीख, वेळ आणि जागा त्याच ओळीत टाका.